वाटीतले तूप

एकदा एका आळीत ध्वनिविद्येचे एक वृद्ध जाणकार राहत असत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी रेडिओ केंद्रावर अभियंता म्हणून घालवली होती. निवृत्तीनंतर ते घराच्या पडवीत एक लांब टेबल टाकून बसत. ज्याला खरोखर शिकायचे असे त्याला शिकवत, आणि ज्याला नुसतेच काही फुकटात दुरुस्त करून हवे असे त्याला चहा पाजून परत पाठवत. लोक त्यांना सर म्हणत. तिरसट म्हणूनही त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी मेहनतीने टिकवली होती.

त्यांच्याकडे एक शिष्य येई. तिशी ओलांडलेला, एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. आईवडील गेल्यापासून तो त्याच आळीत थोरल्या भावाकडे राहत होता. घरात दादा, वहिनी आणि हा. हात गोड, स्वभाव सरळ. पण वाजवायला बसला की जगात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसे. अशी माणसे दुष्ट नसतात. त्यांच्या वाटणीचे भान दुसऱ्या कुणाला तरी ठेवावे लागते, एवढेच.

या शिष्याने स्वतःच्या हाताने गिटारसाठी अँप्लिफायर बांधला होता. तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत लालसर तेवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. त्या यंत्राची एक खोड होती. आवाज बारीक ठेवला तर ते मेल्यासारखे वाजे, आणि पूर्ण जोरात सोडले की असा भरदार, मधाळ स्वर देई की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. फक्त त्या वेळी आळीतल्या खिडक्यांच्या काचाही डोलत.

एक दिवस शिष्य ते यंत्र सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, मी स्पीकरच काढून टाकतो. तारेतला आवाज थेट हेडफोनला घेतो. मला हवं तेवढं जोरात वाजवता येईल आणि कुणाला त्रास नको."

असे म्हणून त्याने चालू यंत्राची स्पीकरची तार उपसायला हात घातला. सरांनी त्याचे मनगट घट्ट धरले.

"मागे घे हात! व्हॉल्व्हचं यंत्र भाराशिवाय चालवत नाहीत. एवढी शक्ती बाहेर पडते, ती घ्यायला पुढे कुणी नसेल तर आतला ट्रान्सफॉर्मर जळून जातो. कुणाला तरी ती सोसावी लागते बाबा. स्पीकर नको असेल तर त्याच्या जागी दुसरं कुणी उभं कर."

मग त्यांनी ते उभे केले. चिनी मातीच्या कांडीवर तार गुंडाळलेला एक जाडजूड रेझिस्टर पत्र्याच्या डब्यात बसवला, डब्याला भोके पाडली आणि स्पीकरच्या तारा त्याला जोडल्या. यंत्राची सारी शक्ती तो निमूट घेई. त्याच्यापासून एक बारीकशी तार काढून ती हेडफोनला नेली. शिष्याने मोठ्या आशेने हेडफोन कानाला लावले, एक तार छेडली आणि तोंड वाकडे केले. पत्रा खरवडल्यासारखा आवाज येत होता.

"हा माझ्या यंत्राचा आवाज नव्हे," तो म्हणाला.

"तुझ्याच यंत्राचा आहे. आजवर तो तू कधी ऐकला नव्हतास," सर म्हणाले. "स्पीकरचा पडदा कागदाचा. अति टोकदार आवाज त्याला काढताच येत नाहीत. ते तिथेच गळतात, आणि जे उरतं त्याला आपण गोडवा म्हणतो. आता ते गाळण्याचं काम आपल्या सर्किटनं करायचं."

हे गाळणे जमवता जमवता हिवाळा आला. कधी स्वर इतका गाळला जाई की गिटार गोधडीखालून वाजते आहे असे वाटे. कधी पुन्हा पत्रा खरवडला जाई. शिष्य कपॅसिटर बदली, तारेचे वेढे कमीजास्त करी, आणि सर शेजारी बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत. हळूहळू स्वर जागेवर येऊ लागला.

काम संपत आले असता एका सकाळी शिष्य तोंड पाडूनच आला.

"सर, मी घर सोडतोय," तो म्हणाला. "काल दादा माझ्यावर ओरडला. कशावरून, तर मी स्कूटर दारात आडवी लावली. म्हणे, 'तुला तुझ्याशिवाय दुसरं कुणी दिसतं का रे?' वहिनीसमोर! इतकी वर्षं चकार शब्द बोलला नाही, आणि काल एका स्कूटरवरून... म्हणजे हे त्याच्या मनात होतंच ना! आळीतली परकी माणसं माझ्याशी किती चांगली बोलतात. घरच्याच माणसाला मी नकोसा झालोय."

"मग?"

"नदीपलीकडे खोली पाहिलीय. रविवारी सामान हलवतो. आणि घरातला माझा हिस्साही मागणार आहे. एकदाच काय ते तुटून जाऊ दे."

समजूत घालणे सरांना येत नसे, आणि येत नाही ते करायला जाऊ नये असे त्यांचे मत होते. शेवटचा सांधा सोल्डर करून घेतल्यावर ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि एक स्टीलची वाटी घेऊन आले. वाटीत साजूक तूप होते. थंडीने ते थिजून असे घट्ट झाले होते की वाटी उपडी केली तरी हलले नसते. सरांनी ती वाटी रेझिस्टरच्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

"हे काय, सर?"

"तूप."

"ते दिसतंय. पण इथे कशाला?"

"तू वाजव. पूर्ण जोरात वाजव."

शिष्याने हेडफोन लावले आणि यंत्राचा कान शेवटपर्यंत पिळला. पहिल्याच सुराला त्याचे डोळे मिटले. तोच भरदार, मधाळ स्वर, आता फक्त त्याच्या कानांत. मनातला सगळा सल त्याने त्या तारांवर काढला. किती वेळ वाजवले याचे त्याला भान राहिले नाही. पडवीच्या पायरीशी एक भाजीवाली मेथीची जुडी निवडत बसली होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

अखेर त्याने हेडफोन उतरवले. चेहरा उजळला होता.

"जमलं, सर! एवढ्या जोरात वाजवलं आणि कुणाला काही झालं नाही."

"कुणालाच नाही?"

"तुम्ही इथेच होतात ना? सगळं शांत होतं."

सरांनी फडक्यात धरून वाटी उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली. तूप पाण्यासारखे पातळ झाले होते. वाटीचा तळ लख्ख दिसत होता.

"मग हे कुणी वितळवलं?"

शिष्य हसला. "रेझिस्टर तापला असेल." त्याने डबा सरकवायला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. बोटे तोंडात घालून तो सरांकडे पाहू लागला.

"गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट," सर म्हणाले. "तुझं यंत्र तेव्हा नवं होतं. दुपारी माझा जरा डोळा लागत होता, तेवढ्यात तू सुरू केलंस. मी तसाच उठून तुमच्या दारात गेलो. दार तुझ्या भावानं उघडलं. त्याला मी उभ्या आळीसमोर वाटेल ते बोललो. आईबापांनी हेच शिकवलं का, इथपर्यंत माझी मजल गेली. पोलिसांत जाईन म्हणालो. तो हात जोडून उभा होता आणि आत तू वाजवत होतास. त्या संध्याकाळी त्यानं तुला काय सांगितलं, आठवतं?"

शिष्याला आठवले. दादा जेवताना म्हणाला होता, 'अरे, कोपऱ्यावरचे सर तुझ्या यंत्राबद्दल विचारत होते. त्यांना यातलं फार कळतं. एकदा भेट त्यांना.' आणि हा दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन सरांच्या पडवीत हजर झाला होता.

"तू पेढे घेऊन आलास तेव्हा माझी मान खाली गेली," सर म्हणाले. "मी जे बोललो त्यातलं तुझ्यापर्यंत एवढंच पोचलं. बाकीचं कुठं गेलं? आणि मी एकटाच गेलो होतो असं समजू नकोस. ही आळी तुझ्याशी गोड बोलते, कारण तिचं कडू बोलणं तुझ्या दाराशीच बोलून झालेलं असतं. तुझा भाऊ ते घेतो, त्यातलं टोकदार असेल ते गाळतो, आणि तुला सोसेल तेवढं तुझ्या कानाशी नेऊन ठेवतो. हे सर्किट बांधता बांधता हिवाळा उजाडला. तो बिचारा तेच काम किती वर्षं करतोय कोण जाणे. काल डबा तापलेला होता, त्याला तुझा हात लागला. आणि तू म्हणतोस, डब्याच्या मनात काहीतरी होतं."

एवढे बोलून सरांनी शब्दकोडे पुढे ओढले. शिष्य यंत्र तिथेच ठेवून उठला आणि घरी गेला.

दादा ओसरीवर पेपर वाचत बसला होता. शिष्याने दारातली स्कूटर काढून भिंतीशी सरळ लावली आणि तो पायरीवर टेकला.

"दादा, आज कुणी आलं होतं का?"

"समोरचे खांबेटे येऊन गेले," दादा पेपरातून म्हणाला. "तुझा पुढचा कार्यक्रम कधी आहे, विचारत होते."

"खरं काय म्हणाले ते?"

दादाने पान उलटले. "हेच."

"जसंच्या तसं सांग ना, दादा."

"कशाला आता? जाऊ दे."

"नको जाऊ दे. सांग."

दादाने पेपराची घडी घातली. धाकट्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहून घेतले.

"म्हणाले, मुलगी दहावीला आहे. ती नापास झाली तर तिला आणून तुमच्या त्या दिवट्या भावाच्या पुढ्यात बसवतो, म्हणावं शिकव आता गिटार. आणि मला म्हणाले, धाकटा आवरता येत नाही तर तुम्ही कसले हो थोरले?"

धाकट्याचे कान तापले. खांबेट्यांचा टीव्ही रोज संध्याकाळी केवढ्या मोठ्याने चालतो, ते त्याच्या अगदी जिभेवर आले होते. पण हे शब्द आपल्याला आज प्रथमच ऐकू येत आहेत आणि दादाने ते सकाळीच ऐकले आहेत, हे लक्षात येऊन त्याने ते तसेच गिळले. त्याला दादाचे फार वाईट वाटले.

"आणखी कोण काय म्हणतं?"

"आणखी पुष्कळ आहे," दादा म्हणाला. "एका दिवसात तुला झेपायचं नाही." आणि त्याला हसू आले. ते हसू मध्येच अडखळले, तेव्हा त्याने चष्मा काढून धोतराने पुसायला घेतला आणि तो स्वच्छ होऊनही पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी शिष्य आधी खांबेट्यांकडे जाऊन आला. त्यांनी काय सुनावले ते त्याने कुणाला सांगितले नाही, पण सरांच्या पडवीत शिरताना त्याचा चेहरा लाल होता. टेबलाशी बसून त्याने पत्र्याचा डबा उघडला, हिशेब जुळवून आतल्या रचनेत दोन रेझिस्टर शेजारी शेजारी बसवले आणि झाकण लावले.

"एकानं भागत होतं की," सर म्हणाले.

"भागत होतं," शिष्य म्हणाला. "पण दोन असले म्हणजे ताप वाटला जातो."

सरांनी मान हलवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "संध्याकाळी तुझा भाऊ घरी असतो ना? मलाही त्याच्याकडे एकदा जायचंय. उन्हाळ्यापासून राहून गेलंय."

रविवारी नदीपलीकडची खोली रिकामीच राहिली.

आपल्या कानाशी जग गोड होऊन येते आहे असे वाटले, तर वाटेतल्या डब्याला एकदा हात लावून पाहावा.