आदरणीय खारताई

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे तिथे फोन नव्हते, पैसे नव्हते, ईमेलही नव्हते. लबाडी मात्र भरपूर होती, त्यामुळे गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही. त्या जंगलात एक लंगडी खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. लहानपणी मुंगसाने तिचा मागचा पाय धरला होता, तेव्हापासून तो अधू झाला होता. ओल्या खोडावर तिला चढता येत नसे, म्हणून पावसाळ्याची सगळी बेगमी ती उन्हाळ्यातच करून ठेवी. ती बेगमी असली तर पिल्ले जगणार होती, नसली तर नाही.

बेगमी ती धनेशाकडे ठेवी. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा एक म्हातारा पक्षी. उंबराच्या ढोलीत तो राहत असे आणि ढोलीचे तोंड त्याने चिखलाने लिंपून टाकले होते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवली होती. जंगलातले सगळे आपल्या बिया, सुकी फळे त्याच्या हवाली करत. आतून त्याला कुणाचे तोंड दिसत नसे, म्हणून प्रत्येकाची खोडावर वाजवायची एक गुप्त खूण ठरलेली होती. खूण बरोबर वाजली की माल बाहेर. धनेश प्रामाणिक होता, पण तोंडाचा फटकळ. खारीची खूण ऐकली की आतून खरखरीत आवाज येई, "काय गं लंगडे, ठेवायला आलीस की न्यायला?" खारीला ते फार लागे. इतक्या वर्षांच्या ओळखीत याने एकदा तरी 'अहो' म्हणावे, असे तिला वाटे, आणि ती निमूटपणे बिया फटीतून आत सारी.

एके दिवशी आभाळ भरून आले असताना तिच्या झाडाच्या शेंड्यावरून तोच खरखरीत आवाज आला. "आदरणीय खारताई, आपल्या ठेवीला कीड लागली आहे. आपला माल आम्ही ओढ्याकाठच्या नव्या ढोलीत हलवत आहोत. अंधार पडण्यापूर्वी तिथे येऊन आपली खूण वाजवावी. उशीर झाल्यास माल फेकून द्यावा लागेल. कळावे, लोभ असावा."

आवाज धनेशाचा होता, बोलणारा मात्र पोपट होता. हा पोपट काही वर्षे गावातल्या एका पेढीच्या ओसरीवर पिंजऱ्यात होता. तिथून पळताना अदबीची सगळी भाषा तो बरोबर घेऊन आला होता. ढोली कधीही न सोडणारा धनेश आज दारात कसा आला, हा प्रश्न खारीच्या मनात आला नाही असे नाही. पण 'आदरणीय' हा शब्द तिच्या कानात असा काही घोळत होता, की तो प्रश्न बिचारा आल्या पावली परत गेला.

"आई, हा तुला लंगडे नाही म्हणाला," थोरले पिल्लू म्हणाले.

"नवी जागा घेतलीये ना, सुधारला असेल," खार म्हणाली. "तू धाकट्याला सांभाळ. मी आलेच."

ओढ्याकाठी ऐनाच्या झाडावर हुबेहूब तसेच लिंपण होते, तशीच फट होती. चिखल अजून ओला होता, तिच्या पंजाला लागलासुद्धा. तिने तो शेपटीला पुसला आणि आपली खूण वाजवली. "आभारी आहोत, खारताई," आतून आवाज आला. त्या दिवशी ती जवळजवळ न लंगडता घरी आली.

मग झड लागली. घरातले चार दाणे संपले तशी खार भिजत, घसरत नव्या ढोलीपाशी गेली. चिखल वाहून गेला होता आणि आत काहीच नव्हते. ती उंबराकडे धावली.

"काय गं लंगडे, आता काय न्यायला आलीस?" धनेश म्हणाला. "तुझा सगळा माल त्या संध्याकाळीच नेलास की."

"मी नाही नेला."

"खूण तुझीच होती. मी खूण ओळखतो, तोंडं नाही ओळखत."

"पण तुम्हीच बोलावलंत मला. आदरणीय म्हणालात."

"मी? तुला?" धनेश म्हणाला. "अगं, तुझी खूण मला ठाऊकच आहे. ती वाजवून दाखव म्हणून मी कशाला निरोप देईन?"

त्याचे म्हणणे खरे होते आणि आता त्याचा खारीला काडीचा उपयोग नव्हता. "मूठभर तरी द्या. पिल्लं उपाशी आहेत," ती म्हणाली. आतून उत्तर आले, "इथे आहे ते दुसऱ्यांचं आहे. त्यांच्या खुणेशिवाय मला देता यायचं नाही." याच कडकपणाच्या भरवशावर तिने आपली ठेव त्याच्याकडे ठेवली होती, त्यामुळे तिला भांडताही येईना.

धाकटे पिल्लू त्या झडीतच गेले. शेजारपाजारचे सगळे भेटायला आले, हळहळले, आणि आपण असतो तर कसे फसलो नसतो हे प्रत्येकाने तिला नीट समजावून सांगितले. ससा जरा जास्तच वेळ बोलला. त्यानंतर त्या पावसाळ्यात ससा रोडावला, साळिंदरही रोडावले. काय झाले म्हणून विचारले तर दोघेही म्हणत, यंदा भूकच नाही. पोपट मात्र चांगला गुबगुबीत झाला होता.

तात्पर्य : ज्याच्याकडे आपली ठेव आहे तो आपली गुप्त खूण मागायला दारात येत नाही. 'आदरणीय ग्राहक' म्हणत घाई करणारा ईमेल आला, तर त्याने दाखवलेल्या दारात पाऊल टाकू नका. आपल्या ओळखीच्या दारी जाऊन विचारा. आणि फसलातच, तर लाज गिळून सगळ्यांना सांगा, कारण तुम्ही गप्प बसलात की चोराचे पुढचे घर सोपे होते.