गाणं रेवंतीचं, चूल माझी

एका राज्यात बारा वर्षे दही लागले नव्हते.

दूध होते. गाई होत्या, म्हशी होत्या, गवत कमरेएवढे होते. पण विरजण कितीही लावा, सकाळी झाकण काढावे तर दूध ते दूधच. राजाच्या पानात कोरडा भात पडे, प्रजेच्या पानातही तोच पडे. एवढ्यापुरती त्या राज्यात समता होती.

हे कसे झाले, ते आधी ऐका.

राजा भूपसेनाच्या मुदपाकखान्यात रेवंती नावाची स्वयंपाकीण होती. चुलीशी बसून ती गाणी रचायची आणि गायची. अशी तिने सात गाणी रचली. मुदपाकखान्याचा झरोका राजाच्या महालाखाली होता, म्हणून राजाची सकाळ तिच्या गाण्यानेच उजाडे. एके दिवशी रेवंती वारली. राजाने तीन दिवस अन्न घेतले नाही. चौथ्या दिवशी त्याने जादूगार शब्दकेतूला बोलावले.

"तिची गाणी केसभरही बदलता कामा नयेत."

"नाही बदलणार, महाराज."

शब्दकेतूने मुदपाकखान्याच्या भिंतींवरून रेवंतीचा आवाज खरवडून काढला, तांब्याच्या हंड्यात भरला, झाकण लाखेने बंद केले आणि मंत्र म्हटला: "जुनं जुन्यात राहो, नव्यात न मिसळो." मंत्राला कान असतात, डोके नसते. त्याने गाणी तर थांबवलीच, विरजणही थांबवले.

मग दवंडी पिटली. रेवंतीचे गाणे जो हुबेहूब गाईल, त्याला दरबारात मानाची जागा! गवई येऊ लागले. वाड्याच्या उंबरठ्याच्या आत गाताना जो केसभर चुके, त्याची वाचा जाई. जो केसभरही चुकत नसे, त्याला पिसे फुटत, चोच येई आणि तो मैना होऊन पिंजऱ्यात बसे. भले भले मिशाळ गवई मैना झाले. मानाची जागा ती हीच. पेरू मात्र रोज ताजा मिळे.

राजाला वाईट वाटे. पण सकाळी नव्याण्णव मैना एका सुरात गाऊ लागल्या की तो डोळे मिटून घेई, आणि मग वाईट वाटायचे राहून जाई.

त्या राज्याच्या टोकाला मालन नावाची मुलगी होती. तिची आई रेवंतीच्या हाताखाली भांडी घासायला होती. रेवंती गेल्यावर आई गावी परतली, ती येताना एक गाणे तोंडात घेऊन आली.

*ये गं सकाळबाई, उंबऱ्याशी थांब जरा,*
*घर झाडून घेते मी, मग आत येऊ दे वारा;*
*उन्हाला पाट देते, सावलीला देते पाणी,*
*आला तो बसो सुखे, गेला त्याची गाईन गाणी.*

भीतीने ते गाणे राज्यात कोणी गुणगुणतही नसे. या मायलेकी गुणगुणत. चुलीशी बसलेल्या बायका काय म्हणतात, ते ऐकायला कोण येतो? मालन त्या गाण्यावर दळायला शिकली, त्या गाण्यावर भाकरी थापायला शिकली. फारशी न बोलणारी ती मुलगी. तिला बोलायचे असे, ते त्या चार ओळींतच बोलून होई.

यथाकाल तिचे लग्न झाले. नवरा सारंगधर, गवई. तो उत्तम गातो, हे तिला पहिल्याच दिवशी कळले, कारण त्यानेच सांगितले. सासरची चूल दारासमोर होती. सकाळी सारंगधर नदीवर रियाज करून परते, त्या वेळी मालनचे गाणे चौथ्या ओळीशी आलेले असे. "आला तो" एवढे म्हणून ती थांबे, दाराकडे बघे, आणि तो दिसला की पुढचे म्हणे.

चौथ्या दिवशी सारंगधराने ते ऐकले.

"अगं, असं नाही, असं! विराम दुसऱ्या ओळीनंतर. त्या विरामावर अकरा पंडितांनी ग्रंथ लिहिलेत."

"अहो, पण इथली लाकडं सुकी आहेत."

"लाकडांचा काय संबंध?"

मालनने लाकूड चुलीत सारले. लग्नाला चारच दिवस झाले होते.

त्यानंतर रोज सकाळी ती थांबे, रोज तो म्हणे, "असं नाही, असं." सोळाव्या दिवशी तो खांद्यावर पंचा टाकून दरबारात गायला गेला. गायलाही उत्तम. केसभरही चुकला नाही.

आठ दिवस वाट पाहून मालन सासूबाईंच्या पाया पडली. "सासूबाई, मी त्यांना घेऊन येते."

"ये. आणि त्याचा पंचा बघ गं, तिथेच कुठेतरी टाकला असेल."

वाड्याच्या दारात मालन उभी राहिली तेव्हा पिंजऱ्यांत शंभर मैना होत्या. राजा सिंहासनावर होता, शब्दकेतू हंड्याशेजारी.

"महाराज, माझा माणूस परत द्या."

शब्दकेतू हसला. "तीन कामं कर आणि घेऊन जा. एक जरी चुकलं, तर त्याच्या शेजारच्या दांडीवर बस."

"मान्य," मालन म्हणाली. राजा चमकला. बारा वर्षांत इतक्या लवकर कोणी मान्य केले नव्हते.

पहिले काम. शंभरांतून नवरा ओळखायचा. शंभर मैना, सारख्या पिवळ्या चोची, सारखे काळे पंख. आवाज तर ऐकायलाच नको, तोही सारखा. आणि मैना बोलणार काय? जे पूर्वी कानावर पडले, तोंडात बसले, तेवढेच.

"पिंजरे अंगणात मांडा," मालन म्हणाली. "मी उंबरठ्याबाहेर बसते. शाप उंबरठ्यापर्यंतच ना?"

शब्दकेतूने मंत्र मनातल्या मनात तपासला. उंबरठ्यापर्यंतच होता.

मालन बाहेर पायरीवर बसली आणि गाऊ लागली, अगदी सासरच्या चुलीशी गायची तशी. मैना पेरू खात राहिल्या. चौथी ओळ आली. "आला तो" म्हणून ती थांबली. नव्याण्णव मैना खातच राहिल्या. एकीने मात्र पेरू टाकला, मान फुगवली आणि कडाडली:

"असं नाही, असं!"

"हे आमचे," मालन म्हणाली.

राजा बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसला आणि लगेच शब्दकेतूकडे बघून गप्प झाला.

दुसरे काम. शब्दकेतू म्हणाला, "दुसऱ्या ओळीनंतर रेवंती थांबते. त्या विरामात काय आहे, ते आणून दाखव."

दरबारात कुजबुज झाली. अकरा पंडित पुढे सरसावले. एकाच्या मते विरामात विरह होता, दुसऱ्याच्या मते समाधी. तिसऱ्याने तर रेवंतीला तिथे साक्षात ब्रह्म दिसल्याचे सिद्ध केले होते, दोन खंडांत.

मालनने एवढेच विचारले, "जुना मुदपाकखाना कुठे आहे?"

बारा वर्षे बंद असलेले दार उघडले. आत कोळिष्टके, पालथी पातेली, आणि कोपऱ्यात रेवंतीची चूल. भिंतीतल्या खुंटीवर मालनला हवे होते ते होते. तिने ते उतरवले, पदराने पुसले, एक टोक तोंडाला लावले, दुसरे चुलीकडे धरले आणि फुंकर मारली.

बारा वर्षांची गार राख लाल झाली. त्यातून आवाज आला.

"हळू फुंक गं. राख डोळ्यात जाते."

"रेवंतीमावशी?"

"मीच. तू कोणाची?"

"तुमच्याकडे भांडी घासायला होती, त्या गोदीची मालन."

"गोदीची! तिचं पातेलं कधी नीट निघालं नाही. गळा मात्र चांगला होता. बोल, काय हवं?"

"तुमचं गाणं मी बदलून गाते. तुम्हाला राग येतो का?"

राख क्षणभर मावळली आणि पुन्हा फुलली. "मुलगी देऊन टाकल्यावर ती माझ्यासारखीच पोळी लाटते का, हे बघायला मी तिच्या सासरी जाऊन बसू? कोणाची आहे ते विसरू नकोस, म्हणजे झालं. बाकी तुझं घर, तुझी चूल."

एवढे बोलून राख राखाडी झाली.

मालन दरबारात परतली आणि राजासमोर तिने ती वस्तू ठेवली. ती लोखंडी फुंकणी होती.

पंडित हसले. शब्दकेतूही हसला. मालन म्हणाली, "महाराज, हंड्याला कान लावा. विराम येईल तेव्हा नीट ऐका."

राजा उतरून आला. त्याने तांब्याला कान लावला. आत रेवंती गात होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, विराम आला. राजा ऐकत राहिला. आणि त्याला ऐकू आले, अगदी बारीक, पण स्पष्ट: फूऽऽ. मग खोकला. मग तिसरी ओळ.

"लाकडं ओली असायची," मालन म्हणाली. "झरोक्यातून पावसाचं पाणी यायचं ना आत. माझी आई सांगते."

राजाचा चेहरा उतरला. "मी बारा वर्षं ही जागा डोळे मिटून ऐकली."

"डोळे तीही मिटायची, महाराज. धुरानं."

तिसऱ्या खंडाची तयारी करणारा पंडित हळूच मागच्या रांगेत गेला.

तिसरे काम उरले. शब्दकेतूचे हसू आता ओठांपुरते राहिले होते. "हंड्यासमोर गा. उंबरठ्याच्या आत. केसभर बदललंस तर वाचा जाईल. नाही बदललंस तर माणूसपण जाईल. कसं गायचं, ते तुझं तू ठरव."

"चूल हवी," मालन म्हणाली.

तीन दगड मांडले, सुकी लाकडे आली. मालनने चूल अशी मांडली की समोर सारंगधराचा पिंजरा यावा. वर भाताचे पातेले चढवले. मग पदर खोचून, दरबाराकडे पाठ आणि पिंजऱ्याकडे तोंड करून ती बसली. आजवर त्या जागी आलेला प्रत्येक गवई आधी डोळे मिटून घेई आणि मग गाणे सुरू करी. मालनने डोळे उघडे ठेवले आणि आधी बोलली.

"गाणं रेवंतीचं, चूल माझी."

हंड्यावरची लाख तडकली. एवढीशी, नखाएवढी.

ती गाऊ लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सारा दरबार श्वास रोखून विरामाची वाट बघू लागला. मालन थांबली नाही. लाकडे सुकी होती; थांबायचे कशाला? ती सरळ तिसऱ्या ओळीत गेली. पंडितांच्या रांगेतून "हाय हाय" असा सूर निघाला. तिच्या गळ्याभोवती कोणी दोरी ओढावी तसे झाले. तिने भात ढवळला आणि तिसरी ओळ पुरी केली. चौथीला आवाज चिरका निघाला.

"आला तो..."

आणि आवाज बंद झाला.

"गेली वाचा," शब्दकेतू म्हणाला.

मालन पिंजऱ्याकडे बघत राहिली. सकाळी दाराकडे बघायची तशीच. तिच्या जागी ती थांबली होती. पुढचे म्हणायला गळा नव्हता. भाताचे पाणी खदखदू लागले.

पिंजऱ्यातल्या मैनेने मान फुगवली. चोच उघडली. दरबाराला ठाऊक होते ती काय म्हणणार. मालनलाही ठाऊक होते. मैना "असं" एवढे म्हणाली आणि अडली. पुढचा शब्द तोंडात बसलेला होता. तिने तो गिळला. डोके एकीकडे कलते करून तिने मालनकडे पाहिले, चुलीकडे पाहिले, सुक्या लाकडांकडे पाहिले. आणि तिला कोणी कधीच न शिकवलेले ती बोलली:

"असंही."

केसभराचाच फरक. पण जुने त्या एका शब्दात नव्यात मिसळले, आणि मंत्राचे टोक सुटले. पिंजऱ्याच्या कांब्या वाकल्या. आत आधी पिसे होती, मग माणूस होता, दांडीवर मावत नसलेला.

मालनचा गळा मोकळा झाला. तिने आधी ओळ पुरी केली: "...बसो सुखे, गेला त्याची गाईन गाणी." मग चुलीतली लाकडे मागे ओढली. भात लागला असता.

हंड्याचे झाकण उडाले. सात गाणी बाहेर पडली आणि ज्याला जिकडे जायचे तिकडे गेली. एक नदीवर, एक गोठ्यात, एक कोष्ट्यांच्या आळीत. नव्याण्णव पिंजऱ्यांतून नव्याण्णव गवई निघाले. ज्यांची वाचा गेली होती ते सारे गावोगावी एकदम बोलू लागले, त्यामुळे त्या दिवशी राज्यात फार गलका झाला.

शब्दकेतूला कोणी शिक्षा केली नाही. राजाने फक्त फुंकणी त्याच्या हातात दिली आणि मुदपाकखान्याचे दार दाखवले. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याला विरामाचा अर्थ नीट कळला, असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने स्वतः विरजणावरचे झाकण काढले. वाडगे तिरके केले. दही हलले नाही. त्याने दहीभात कालवला, पहिला घास घेतला आणि डोळे मिटायला गेला. पण झरोक्यातून ऐकू आले, मुदपाकखान्यात कोणीतरी रेवंतीचे गाणे गात होते, तिसऱ्याच जागी थांबत होते, आणि कोण थांबते ते बघायला राजा पान सोडून उठला.

सारंगधर आणि मालन गावी निघाले. पंचा मालनला पिंजऱ्यामागे सापडला होता. वाटेत ती गुणगुणत होती. एका वळणावर तिने गाणे अशा जागी वळवले, की तसे आजवर तिनेही वळवले नव्हते. सारंगधराने तोंड उघडले, थोडा विचार केला आणि तोंड मिटले. थोड्या वेळाने म्हणाला,

"ती जागा मला शिकवशील?"

"शिकवीन," मालन म्हणाली. "पण चुलीशी बसावं लागेल."

ही कहाणी जशी ऐकली तशी सांगितलेली नाही. केसभर इथली आहे. ज्यांनी ऐकली त्यांनी आपापल्या चुलीवर चढवावी, जिची होती तिचे नाव घ्यावे, आणि ज्याच्या त्याच्या घरी ती दह्यासारखी लागो.