खारीची हाक आणि कासवाची पाठ

नदीकाठी अजून माणसं आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. भाद्रपद वद्य चतुर्थी होती. पाऊस थांबला होता, पण नदीला पूर होता.

खार पैलतीरी अडकली होती. ऐलतीरी तिच्या दाण्यांच्या ढोलीला म्हातारं कासव पाठ लावून बसलं होतं. तीन आखूड आणि एक लांब, अशी ठरलेली हाक आली की ते बाजूला सरे आणि खारीची दोन पिल्लं आत जाऊन खात. आज मात्र ते हललंच नाही, आणि पिल्लं कालपासून उपाशी होती.

खारीने वारा पडू दिला आणि पुन्हा हाक घातली. कासवाने मान वर केली. म्हणजे हाक पोचत होती.

“कासवदादा, माझी हाक चुकली का?”

“नाही.”

“मग बसल्या बसल्या दाणे तुम्हीच फस्त केलेत वाटतं!”

“मी गवत खातो, बाई. काल हीच हाक माझ्या डोक्यावरून आली. मी सरकलो, तर कोतवाल पक्षी आत घुसला. तू रोज शेंड्यावर बसून हाक घोकायचीस, ती त्याने उचलली. माझी नजर पैलतीरी पोचत नाही. तूच खार कशावरून?”

खार ओशाळली. “मग विचारा काहीही.”

“धाकट्याचा कुठला कान फाटलाय?”

“डावा!” वरच्या फांदीवरून खारीच्याच आवाजात उत्तर आलं.

“फाटलाय?” पैलतीरावरून खार किंचाळली. “दोन्ही धड होते की हो! कुणी फाडला, दादा?”

“कुणीच नाही, दोन्ही धडच आहेत,” म्हणत कासव चार बोटं सरकलं. पिल्लांनी अकरा दाणे खाल्ले. कासव पुन्हा ढोलीला पाठ लावून बसलं.