अक्कांची डीव्हीडी

“...पण मग दोष आहे कुठे, बुवा? यंत्रात नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.”

बुवा चुलीपुढे भाकरी थापत होते. मठातल्या भाकऱ्या तेच करत. मठाचा जुना कॉम्प्युटरही तिथेच फळीवर होता, कारण भरवशाचा प्लग तेवढा स्वयंपाकघरात होता. त्याच्यापुढे त्र्यंबकराव बसले होते, तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

“खात्रीनं?”

“म्हणजे... बहुतेक. पंख्यातली धूळ काढली. रॅम वाढवली. नको त्या फायली पुसल्या. तुमच्या प्रवचनातले खोकलेसुद्धा कापले, कुठे अडलं नाही. पण डीव्हीडी राइट करायला घेतली, की अर्ध्यावर बिघडते. आता एकच कोरी उरली आहे, आणि जीप तर निघायला आली.”

जीप अक्कांच्या गावाला जायची होती. अक्का म्हणजे मठातली सगळ्यांत जुनी शिष्या. बुवांना तोंडावर बोलायची छाती फक्त त्यांची. यंदा त्या अंगणात पडल्या आणि अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणत, आता उठून बसायला लागा. अक्का भिंतीकडे तोंड करत. बुवांचं प्रवचन तेवढं पाठवा म्हणाल्या होत्या.

“राइट होत असताना तू काय करतोस?” बुवांनी विचारलं.

“लक्ष ठेवतो.”

“कसं?”

“मधून मधून व्हिडिओ उघडून बघतो. आवाज येतोय ना, चित्र अडकत नाही ना...”

“त्या म्हाताऱ्याला एका वेळी दोन कामं झेपतात?” बुवांनी उलथण्यानं कॉम्प्युटर दाखवला.

“तत्त्वतः झेपायला हवीत.”

भाकरी तव्यावर टाकून बुवांनी तिच्यावर पाणी फिरवलं.

“लाव.”

त्र्यंबकरावांनी शेवटची डीव्हीडी आत सरकवली, बटण दाबलं. यंत्र घुरघुरू लागलं.

बुवांनी परात त्यांच्यापुढे ओढली. ज्वारीचं पीठ होतं. त्यावर त्यांनी गरम पाणी ओतलं.

“मळ.”

“मी?... आत्ता?”

“दोन्ही हातांनी.”

त्र्यंबकराव मळू लागले. पीठ बोटांना चिकटलं, मग मनगटांना. नजर पडद्यावर.

“बुवा, ती हिरवी पट्टी थांबली.”

“मळ.”

“एकदाच बघतो.”

“हात बघ तुझे.”

त्यांनी हात बघितले. मग माउसकडे बघितलं. मग हळूच उजवं कोपर उचललं...

कोपराला तापलेलं उलथणं लागलं. बुवांनी नुसतं टेकवलं होतं.

त्र्यंबकराव पुन्हा मळू लागले.

बराच वेळ यंत्राची घुरघुर आणि परातीचा खडखडाट, एवढंच ऐकू येत होतं. मग खट्‌कन आवाज झाला आणि डीव्हीडी आपणहून बाहेर आली.

“पूर्ण झाली!” त्र्यंबकराव उठले. “थांबा हं, हात धुतो. एकदा लावून बघू.”

तोवर जीपचा हॉर्न वाजला. बुवांनी डीव्हीडी कागदात गुंडाळली, खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि पुन्हा चुलीपुढे येऊन बसले.

जीपची धूळ खाली बसेपर्यंत त्र्यंबकराव खिडकीशी उभे होते. हातांवरचं पीठ वाळून तडकलं होतं.

“बुवा... आपण तपासलीच नाही.”

“नाही.”

“आणि कोरी निघाली तर?”

बुवांनी भाकरी उलटली.

“तर अक्का मला बोलायला उठून बसेल.”