पिलाच्या गोधडीचं कापड

मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा? तोंडावर "नाही" म्हणणाऱ्यावर, की गोड हसून "उद्या देतो" म्हणणाऱ्यावर?

फार जुन्या काळी एका चिंचेच्या ढोलीत झुबकी नावाची खार राहायची. तिला गोधड्या शिवायचा भारी नाद. शिवायची, शेजारीपाजारी आणि लांबलांबच्या झाडांवर नेऊन द्यायची आणि वाहवा घेऊन परतायची. आता गोधडीत आतल्या बाजूला जुनं, मऊ कापडच लागतं. ते मिळालं नाही, की झुबकी आपल्या पिलाच्या गोधडीतला एक पदर उसवून घ्यायची.

"अगं, पोरगं कुडकुडतंय," नवरा म्हणायचा.

"एका तुकड्यानं काय होतंय? उद्या नवी शिवते की त्याला!"

"तुझ्या उद्याला थंडी वाजत नाही, हे बरंय."

ऐन पौषात झुबकी दूरच्या आमराईतून मिरवून परतली. ढोलीत नवरा एकटाच बसला होता, आणि पिलाच्या गोधडीचे नुसते दोरे उरले होते.

"पोर शेजारच्या साळुंकीकडे निजतं हल्ली," तो म्हणाला.

झुबकी धावत गेली. पिलू उबेत झोपलं होतं. अंगावर झुबकीनंच साळुंकीला भेट दिलेली गोधडी होती, आणि तिच्या आत त्याचंच कापड.

"चल बाळा, घरी."

पिलानं डोळेही उघडले नाहीत. गोधडी घट्ट ओढून म्हणालं, "साळूमावशी, हिला सांग ना, माझं पांघरूण इथंच आहे."

तेव्हा मंडळी, एवढं ऐका, हिशेब खरा ठेवा. वाहवा जमेला धरताना, ती कुणाचं पांघरूण उसवून मिळाली, तेही खर्चाला मांडा.