अर्ध्या वळणावरचा आकडा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री होते. सारे त्यांना दस्तगीरचाचा म्हणत. त्यांच्या गॅरेजमध्ये सुकन्या नावाची एक शिष्या तीन वर्षांपासून शिकत होती. गाडीला यंत्र जोडून दोष शोधण्यात तिचा हात धरणारे तालुक्यात कोणी नव्हते, आणि हे तिलाही ठाऊक होते.

एके दिवशी महिपतराव नावाचे एक ड्रायव्हर आपल्या मालकीणबाईंची, एका डॉक्टरांची, गाडी घेऊन आले. म्हणाले, "ताई, घाटात वळण घेताना गाडी आपोआप अडते. मी ब्रेक लावत नाही, तरी लागतो."

स्टिअरिंग किती वळले आहे, हे गाडीच्या संगणकाला सांगणारा एक सेन्सर असतो. गाडी घसरते आहे असे वाटले, की त्या सेन्सरच्या भरवशावर संगणक स्वतःच एखाद्या चाकाला ब्रेक लावतो. सुकन्याने चाके सरळ केली, यंत्र जोडले. आकडा शून्य. तिने कागदावर लिहून दिले, 'सेन्सर चांगला आहे.'

आठ दिवसांनी महिपतराव पुन्हा आले, ते पायी.

"गाडी कुठंय, काका?"

"कठड्याला घासली. बाईंनी किल्ली काढून घेतली. गाडी चांगली आहे असं लिहून आलंय, म्हणाल्या, मग तुमचंच वय झालं. मी बावीस वर्षं चालवतोय, ताई. रागावून नाही आलो. एवढंच सांगा, माझा पाय नकळत ब्रेकवर जात असेल का? आता माझाच मला भरवसा वाटेना."

"पण काका, आकडा शून्य होता. मी स्वतः पाहिला," सुकन्या म्हणाली.

आत बसलेल्या चाचांनी हे ऐकले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून गाडी मागवली. बाई स्वतःच ती घेऊन आल्या.

चाचांनी मग एक विचित्र गोष्ट केली. ज्यांच्या हातून किल्ली काढून घेतली होती, त्या महिपतरावांनाच त्यांनी स्टिअरिंगवर बसवले. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. सुकन्याला म्हणाले, "तू यंत्र घेऊन शेजारी बस. हे स्टिअरिंग बोटभर फिरवतील आणि थांबतील. प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं वाच. मधला एकही गाळू नकोस."

पोरखेळ वाटावा असे ते काम होते. सुकन्या कंटाळत वाचू लागली. "शून्य. दहा. वीस. तीस. चाळीस. पन्नास. पन्नास..." तिने मान वर केली. स्टिअरिंग तर पुढे सरकले होते. "पन्नास. पन्नास. नव्वद!"

तिने वायर आणि जोड तपासले. दोन्ही नीट होते. पुन्हा फिरवायला सांगितले. आकडा त्याच जागी अडला आणि तिथूनच उडाला.

महिपतरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

चाचा शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र खोटं बोललं नाही. तू त्याला सरळ रस्त्यावरचंच विचारलंस, आणि सरळ रस्त्यावर हा सेन्सर खराच आहे. वळणावर मात्र तो चुकीचा आकडा देतो, आणि गाडी घसरतेय असं समजून संगणक ब्रेक लावतो. पण या माणसानं तक्रार वळणाची केली होती. दोष जिथं दिसला असं कुणी सांगतं, तिथं जाऊन पाहावं. आपल्याला पाहायला सोपं पडतं, तिथं नव्हे."

बाई गोंधळल्या. "म्हणजे हा बिघाड मागच्या आठवड्यानंतर झाला का?"

'हो' म्हणणे सोपे होते. खोटे ठरवणारे कोणी नव्हते. चाचा हात पुसत दुसरीकडे पाहत राहिले.

सुकन्या गाडीतून उतरली. "नाही बाई. तेव्हाही तो असणारच. काकांनी नेमकं सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलंच नाही. चूक माझी आहे, त्यांची नव्हे."

बाई महिपतरावांकडे वळल्या. म्हणाल्या, "मीसुद्धा कागदच वाचला. माणसाला काही विचारलं नाही."

तिसऱ्या दिवशी नवा सेन्सर आला. सुकन्याने तो बसवला, संगणकाला सरळ म्हणजे कुठे ते नव्याने शिकवले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे आकडे बोटाबोटाने वाचले. बाईंनी किल्ली महिपतरावांपुढे धरली. त्यांनी ती घेतली, पण लगेच बसले नाहीत.

"ताई, तुम्ही शेजारी बसा. वर जाऊन येऊ."

गाडी घाट चढू लागली. अवघड वळण आले तेव्हा सुकन्याच्या मांडीवर यंत्र होते, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने विचारले, "काका, कसं वाटतंय?"

महिपतरावांनी वळण पूर्ण केले आणि स्टिअरिंग सरळ केले.

"आता माझं ऐकते," ते म्हणाले.