रिकामी गव्हाण

"पण फादर, गव्हाण रिकामी का?"

सालवादोर डाबरेने चित्रावरून नजर न काढता विचारलं. वसईकडच्या सात चर्चमधले पुतळे त्याने रंगवले होते, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

फादर इनासनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

चर्चमागच्या खोलीत दोघंच होते. मेजावर तो कागद. कोणे एके काळी गलबतातून आलेला. तपकिरी शाईत ख्रिस्तजन्म रेखाटलेला. ढग फाडून देवदूत खाली झेपावत होते, मेंढपाळ एकमेकांना रेटत होते, मरिया ओणवी झाली होती. मधल्या गव्हाणीत मात्र नुसता कोरा कागद.

"चित्रकार दमला असेल," सालवादोर म्हणाला. "मी एका सकाळीत बाळ काढून देतो."

"काढ. पण आधी त्या माणसांना काय दिसतंय ते बघून घे."

म्हातारा चेष्टा करतोय, असं सालवादोरला वाटलं. तरी तो बसला. शाई कालवली, कुंचला भिजवला, पहिल्या मेंढपाळाकडे पाहिलं.

मेंढपाळाचे डोळे बारीक झाले होते. भर उन्हात व्हावेत तसे.

शेजारच्या म्हातारीने कपाळावर आडवा हात धरला होता.

मागे योसेफ उभा. त्याच्या हातात पेटता दिवा, आणि त्याच्यामागे भिंत. भिंतीवर योसेफची सावली. हाताची सावली. आणि...

सालवादोर पुढे झुकला.

बराच वेळ तो हलला नाही. कुंचल्याच्या टोकाशी शाईचा थेंब जमू लागला, तेव्हा त्याने घाईने हात मागे घेतला.

"फादर..."

"बोल."

"दिव्याचीसुद्धा सावली पडलीय. पेटलेल्या दिव्याची."

"हं."

"म्हणजे उजेड... इथून येतोय."

त्याने बोट गव्हाणीकडे नेलं, पण कागदाला लावलं नाही. कुंचला धुतला. शाईचं भांडं दूर सारलं. मग उठून उभा राहिला, तसाच, ताठ, चित्रासमोर. डोळे भरून आले होते, पण पुसायचं त्याला सुचलं नाही.

"आता मी काय करू, फादर?"

फादर इनासनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच खाली दाबला.

"जरा वाकून उभा राहा, बाळा. आता तूही त्या मेंढपाळांतला; मागच्यांना दिसत नाहीये."